राखाडी बटण

पाचपाखाडीत, झेरॉक्सच्या दुकानामागे माझं टेबल.
मी लोकांच्या निविदा भरून देते.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
सतरा जणांच्या डिजिटल सह्या,
प्रत्येकीला दोरा, दोऱ्याला नावाची चिठ्ठी.
त्यातली एक हसुराम मढवींची.
वागळे इस्टेटमध्ये गाळा,
दोन वेल्डिंग मशिनं, एक पुतण्या.

महापालिकेच्या शाळांना बाकं हवी होती, अकराशे चाळीस.
फाईल म्हणे सात महिने
या खात्यातून त्या खात्यात फिरत होती.
तिला कुणी विचारलं नाही, बाई, किती वाजले.

निकाल चढला शुक्रवारी, संध्याकाळी सहा बावन्नला.
तांत्रिकदृष्ट्या अपात्र. पान त्रेचाळीसवर शिक्का नाही.
मी साडेसहालाच शटर ओढलं होतं.
मामेबहिणीचा साखरपुडा, बदलापूरला.
शनिवार, रविवार,
सोमवारी कसलीशी सुट्टी.
सगळं सरकार झोपलेलं,
त्याचं घड्याळ तेवढं जागं.

आक्षेपाला बहात्तर तास.
पान एकोणीस, कलम अकरा.
मीच वाचून दाखवलं होतं त्यांना,
भराभर,
बाहेर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं म्हणून.

मंगळवारी सकाळी पान त्रेचाळीस उघडलं.
शिक्का होता.
जांभळा, जरा तिरका, पण होता.
'आक्षेप नोंदवा' हे बटणही होतं,
राखाडी.
दाबलं. पुन्हा दाबलं.
बेल समजून भिंतीतला खिळा दाबावा तसं.

मग कागदावर लिहिलं, दोन प्रती,
आणि आवकच्या खिडकीशी उभे राहिलो दोघं.
तांडेलबाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.
असं तिथे कुणी वाचत नाही.
म्हणाल्या, "घेते. पण शिक्का आजचाच लागेल."
शिक्का उचलून त्यांनी उलटा केला.
तारीख अजून शुक्रवारचीच होती.
मी पाहिलं. भाऊंनी पाहिलं.
बाईंनीही पाहिलं असणार,
कारण त्या जरा थांबल्या.
मग अंगठ्याने पट्टा पुढे सरकवला,
कट, कट, कट, कट.

कोपरीचे वकील म्हणाले, "कार्यादेश निघालाय.
कोर्ट पहिलं विचारेल, इतके दिवस कुठे होतात?
कायदा जाग्या माणसालाच मदत करतो."
हसुरामभाऊ म्हणाले,
"मी त जागाच व्हतो, साहेब.
तीनय राती ग्रिलचा काम चालू व्हता."

मला ते काही बोलले नाहीत.
फीसुद्धा दिली, पूर्ण.
मी घेतलीही.

त्यांच्या सहीची दोन वर्षं संपली,
नवी करायला ते आले नाहीत.
चिठ्ठीवरची शाई फिकी झाली,
दोरा मी डब्यातून काढला नाही.

मतदानाच्या दिवशी, किसननगरच्या शाळेत,
मी मत देऊन बाहेर आले,
आई दुसऱ्या खोलीच्या रांगेत.
व्हरांड्यात बाकं भिंतीला लावून ठेवलेली.
एकावर टेकले.
पाठीला स्टिकर, भलत्याच कंपनीचं नाव,
भिवंडीचा पत्ता.

भाऊ सांगायचे, जोड डोळ्यांनी बघायचा नसतो,
खालून बोट फिरवायचं.
आणि डाव्या कोपऱ्यात, आतल्या अंगाला,
वेल्डचा एक थेंब ते जास्तीचा सोडायचे.
का, विचारलं तर म्हणायचे,
बापाची सवय.

बोटावरची शाई अजून ओली होती.
हात खाली घातला.
थेंब होता.

शेजारच्या बाकालाही.
त्याच्या पलीकडच्यालाही.
कुणाच्या हाताखाली, कुठल्या दराने,
अर्ध्या? त्याहून कमी?
सगळी अकराशे चाळीस?

आई आली. म्हणाली, काय शोधतेस वाकून, चल.
मी म्हटलं, थांब,
अजून एक बघते.