तेरा उत्तर, एकाहत्तर पूर्व

तो आला मंगळवारी, दुपारच्या चहानंतर.
पांढराशुभ्र गणवेश,
बुटांवर सिमला ऑफिसच्या चौकातली धूळ.
आमच्या खुडे शिपायाला वाटलं, लग्नाच्या बँडचा मास्तर,
पत्ता चुकला असेल.
त्यानं टोपी काखेत घेतली, नाव सांगितलं:
कमांडर इम्तियाज नाखवा.
आडनावातच गलबत.

समुद्र पुण्यापासून दीडशे किलोमीटर,
तरी रोज चारदा तो माझ्या टेबलावर यायचा,
टेलेक्सवरून, पाचपाच आकड्यांच्या गटांनी.
मी टाक बुडवून
त्याचा वारा, दाब, त्याचे ढग
पाच पैशांच्या नाण्याएवढ्या जागेत मांडायचे.
एक जहाज म्हणजे एक वर्तुळ.
वारा असेल तर वर्तुळाला पिसं,
नसेल तर वर्तुळाभोवती आणखी एक वर्तुळ.
एकवीस वर्षं हेच.
खरा समुद्र पाहिला एकदाच, अलिबागला,
ओहोटी होती,
तो जागेवर नव्हता.

नाखव्यांनी तीन तारखा दिल्या.
सुरंगी. देवगौरी. कमलाक्षी.
तीन मालवाहू जहाजं, तीन हिवाळे, नकाशावरची एकच चौकट.
ना हाक, ना तेलाचा तवंग,
ना एखादी चप्पल.
"वादळ होतं का, बाई?"
एवढं एक वाक्य घेऊन माणूस कोचीहून आला होता.

मी तळघरातून गुंडाळ्या काढल्या,
झुरळं झटकली, कागद पसरले,
एका कोपऱ्यावर माझा डबा, एकावर त्याची टोपी.
पहाटे साडेपाच: सुरंगी, दुहेरी वर्तुळ.
साडेअकरा: सुरंगी, दुहेरी वर्तुळ.
संध्याकाळी कोरा कागद.
देवगौरीचंही तेच.
कमलाक्षीचंही.

"खडकवासल्याच्या तळ्यात शीड धरायला शिकलो," तो म्हणाला,
"तिथं उलटलो तरी पोहून काठ गाठायचो."
मग अंगठा ठेवला त्या कोऱ्या जागेवर.
"इथं जहाज नाही. पण तुमची रेषा आहे."

होती.
आम्हाला शिकवलंच होतं तसं:
मधली माहिती नसेल तर हात थांबवायचा नाही,
शेजारचे आकडे बघायचे, वळण द्यायचं, पुढं जायचं.
समदाब रेषा तुटकी दिसता कामा नये.
माझी रेषा सुरंगीच्या बत्तीस माणसांवरून गेली होती
एका दमात, एकसारख्या जाडीची.
समासात साहेबांचा शेरा, पेन्सिलीतला,
अजून वाचता येतो: सुरेख.

तेव्हा मला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं.
देवगौरीच्या शेवटच्या निरोपात
एक गट जास्तीचा होता.
कुठल्याच संकेतात न बसणारा.
यंत्राची खरखर समजून मी तो सोडून दिला,
पुढचं जहाज घेतलं.
"कोणते आकडे?"
त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.
टेलेक्सचे कागद तीन महिन्यांनी रद्दीत जातात, साहेब.
कुणीतरी त्यात खारे दाणे खाल्ले असतील
संभाजी बागेत.

तो रागावला नाही. रागावला असता तर मी रडून घेतलं असतं.
वहीत लिहिलं: वारा नाही.
खाली काहीतरी लिहिलं, खोडलं.
टोपी उचलली, तसा नकाशाचा कोपरा
आपोआप वळत गेला, टोपीच्या जागेपर्यंत.

त्या रात्री साडेअकराचा नकाशा माझ्याकडे होता.
एक हजार बाराची रेषा घेऊन निघाले,
लक्षद्वीपच्या वर आले,
तेरा उत्तर, एकाहत्तर पूर्व,
आणि टाक उचलला.
बोटभर जागा सोडून पलीकडून पुन्हा सुरू केली.

सकाळी साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.
"रेषा का तुटली?"
शाई संपली, म्हटलं.

दौत तिथंच होती, आम्हा दोघांच्या मध्ये,
काठोकाठ भरलेली,
आणि जराही हलत नव्हती.