स्वतःचं वाक्य

स्वरूपा अलकापुरीच्या क्लासातून
रोज दहा शब्द आणते.
प्रत्येकाचं वाक्य करायचं, स्वतःचं.
वही ओट्यावर विसरते. मी वाचतो.

चौतीस वर्षं दांडिया बाजारातल्या प्रेसमध्ये
लग्नपत्रिकांचे खिळे जुळवले,
गुजराती, मराठी, कधीमधी इंग्रजी.
अक्षरं उलटी वाचायची,
अर्थाशी आपलं काम नाही.

‘फ्रूगल’: बाबा साबणाची चिपटी
नव्या वडीला चिकटवतात.
बरोबर.
‘ऑब्स्टिनेट’: बाबा कानाचं यंत्र
डबीतच ठेवतात.
तेही एक वेळ मान्य.
पण काल ‘इन्स्क्रूटेबल’, आणि पुढे:
आई गेली त्या संध्याकाळी
बाबा छत्री दुरुस्त करत बसले होते.

डिक्शनरी काढली, भिंग काढलं.
बोट ‘इन्सेक्ट’पर्यंत जाऊन मागे आलं.
ज्याच्या मनाचा थांग लागत नाही असा.

आता हिला काय सांगू.
सकाळीच म्हणाली होती ती, दवाखान्यातून आले की
तेवढी काडी बसवून द्या हो,
सुरसागरापाशी वाऱ्यानं उलटली.

पेन्सिलीनं खाली लिहिलं, माझ्या इंग्रजीत:
अंब्रेला वॉज हर.
अक्षर सुबक आलं. चौतीस वर्षं.

आज बघतो तर ‘हर’ला
लाल शाईत एक ‘एस’ जोडलेला.
बाकी एक अक्षर नाही.
पुढच्या पानावर नवे दहा शब्द,
आणि दर वाक्याखाली, हे मला लगेच कळतं,
एकेक ओळ कोरी सोडलेली.