पोकळ फळ्या

डॉयल क्रॅब्ट्रीची पाठ मी एकोणीस वर्षं मोजली.
एक, दोन, तीन.
पट्टेरी सदरा माझा, तळहात माझा,
आणि पाठ त्याची,
जॅक्सनपासून पादुकापर्यंत गावोगाव टेकलेली.

हरणं हाच त्याचा धंदा.
समोरच्या पोराचं नाव व्हावं म्हणून
असा उताणा पडायचा
की कालचं पोर पहिलवान दिसावं.
रिंगच्या फळ्यांखाली पोकळी असते,
माणूस आपटला की ढोल वाजतो.
डॉयल म्हणायचा, आवाज फळ्यांना द्यायचा,
दुखणं आपल्यापाशी ठेवायचं.
पाकिटात अकरा डॉलर. पेट्रोल त्यातूनच.

मग डायर्सबर्गला मानेतलं काहीतरी सरकलं.
उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
कायमची झोपी गेली.
प्रमोटर विगफॉल उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाला,
"बोलता येतं का रे तुला?"

कुणाला ठाऊक होतं!
एकोणीस वर्षं ज्या तोंडून नुसतं कण्हणं ऐकलं
त्यात एवढं जहर मुरत पडलं असेल.
शनिवारी सकाळी, हवामानाच्या बातम्या संपल्या की
त्याच स्टुडिओत, पावसाच्या त्याच नकाशासमोर,
जांभळ्या कोटात उभा राहून
त्याने अख्ख्या टेनेसीचे आईबाप काढले,
कुत्री काढली, मक्याची भाकरीसुद्धा सोडली नाही.
शेजारी एमेट लोव्हन, लाकूडतोड्या, पावणेसात फूट,
तोंडातून अवाक्षर नाही.
"याची जीभ मी," डॉयल म्हणायचा, "माझे हात हा."

सोमवारी हॉल भरला.
पोस्टरवर पहिल्यांदाच त्याचं नाव.
स्पेलिंग चुकलेलं, पण मोठं.

त्याची आई, मिस ऑर्फा.
चर्चच्या पायरीवर इतकी वर्षं बायका तिची कीव करायच्या,
आता तोंड फिरवू लागल्या.
"तो नालायक तुमचाच का?"
ती पर्स कोपरापर्यंत सरकवून म्हणे,
"माझाच."

लोक थुंकले. टायर फाडले.
युनियन सिटीत एका म्हातारीने टोपीची पिन
त्याच्या ढुंगणात दीड इंच खुपसली.
ती त्याने कॉलरला लावली, पदकासारखी,
आणि पुढल्या शनिवारी तिचे आभार मानले.

परतीला मी मागच्या सीटवर, घोंगडीखाली.
पंच आणि खलनायक एका गाडीत दिसले
तर दोघांच्या पोटावर पाय.
घोंगडीला एमेटच्या कुत्र्याचा वास.
आणि पुढे एमेट, तो मुका एमेट,
साठ मैल अखंड बोलत असायचा:
टोमॅटोची रोपं, बहिणीचा नवरा, कार्ब्युरेटर.
डॉयल गप्प.
काचेवर डोकं टेकून, दोन मेलेली बोटं चोळत.

कारण मॅनेजर शेवटी मार खायलाच असतो.
लोक तिकीट काढतात ते तेवढ्यासाठी.
राक्षस हरतो, जीभ एकटी सापडते,
आणि तीच मान घेऊन डॉयल पुन्हा फळ्यांवर.
फक्त आता हॉल खुर्च्यांवर उभा असायचा.
एकदा पडल्या पडल्या, ओठ न हलवता, मला म्हणाला,
"पडणं तेच रे.
पण आता यांना ते हवंय."

पुढे हॉल मिटले. विगफॉल गेला.
जांभळा कोट कसरीने खाल्ला.

गेल्या सप्टेंबरात, परसात, पेअर काढताना
डॉयल शिडीवरून पडला.
आवाजच झाला नाही.
जमीन भरीव असते.

मी आणि एमेट हसत उभे राहिलो, चांगले दोन श्वास.
त्याचं पडणं खरं मानायची सवयच नव्हती आम्हाला.
मग मी गुडघ्यावर बसलो,
तळहात आपोआप उघडलेला.
डोळे मिटूनच त्याने विचारलं,
"कितीपर्यंत आलास?"
"अजून सुरूच केलं नाही."

ॲम्ब्युलन्समध्ये एमेट मावेना.
पेअरची बादली उचलून
तो मागून चालत निघाला.
हॉस्पिटल अकरा मैलांवर.