शिल्लक उणे एक

पुएर्तो मोंतच्या कचेरीत सकाळी सव्वासातला
अंगातला कोट न काढताच मी पडदा उघडते.
दोनशे बारा हिरव्या ओळी,
आणि मध्येच एक लाल:
केयोन गोदाम. पंपाचा रबरी पंखा, लहान.
शिल्लक उणे एक.

शून्य माझ्या ओळखीचं आहे.
फेरीबोट दोन दिवस अडली
की तिकडे पुष्कळ गोष्टींचं शून्य होतं.
पण उणे एक
कुठल्या फळीवर ठेवतात?
त्यावर धूळ बसते का?
लेबल चिकटवायचं तर कशाला चिकटवायचं?

बारिएंतोस साहेब म्हणतात, यंत्रणा चुकत नाही,
माणसं चुकतात.
अकरा महिने खपून त्यांनी ती उभी केली.
आता खोकं आत आलं की बीप,
बाहेर गेलं की बीप,
बीपवाचून इथून क्विंचाओपर्यंत पान हलत नाही.
खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडते.
पूर्वी महिन्याचे तीन रविवार
मी खिळे मोजण्यात घालवले आहेत.

एलिसेओ चिग्वायला फोन लावते.
केयोनचं गोदाम त्याचं. वय एकसष्ट.
स्कॅनर तो स्वेटरच्या आत, छातीशी ठेवतो;
गारठ्यात बॅटरी मान टाकते, म्हणतो,
पोरीसारखं जपावं लागतं.

"मंगळवारी रात्री वारा होता."
एवढं बोलून तो थांबला,
सगळं सांगून झाल्यासारखा.

मग तुकड्यातुकड्यानं:
लाइन संध्याकाळपासूनच गेलेली.
धक्क्याला 'पोर्फियादा' लागलेली, इंजिन तापून लाल,
पंख्याची तीन पाती तुटलेली.
रेडिओवर लाइतेक बेटापलीकडून कुणीतरी
आधी मोठ्यानं, मग हळू बोलत होतं.
दुपारच्या ट्रकनं आलेलं सहा पंख्यांचं खोकं
दोरीसकट दारातच पडलेलं, बीप न झालेलं;
यंत्रणेच्या लेखी अजून वाटेत.
"मी सुरीनं फाडलं," एलिसेओ म्हणाला,
"आणि लाइन आल्यावर एक बाहेर गेल्याचा
बीप दिला. इमानदारीत."

आता फाटलेलं खोकं यंत्रणा आत घेत नाही.
फरशीवर पाच पंखे आहेत,
हात लावून बघावेत असे, काळे, तेलकट.
पडद्यावर त्यांचा जन्मच झालेला नाही.

दुरुस्तीसाठी कारण निवडा, असा चौकोन उघडतो.
मोडतोड.
चोरी.
मोजणीची चूक.
खाली सरकवून पाहते. चौथं काही नाही.

आचाओला वडिलांचं दुकान होतं.
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
ते त्यावर उधारी लिहायचे. नाव, वस्तू,
आणि रकमेच्या जागी बऱ्याचदा नुसतं 'नंतर'.
आईचं त्यावरून रोज वाजायचं.
दुकान बुडालं, हेही खरंच.
म्हणून मी पुठ्ठ्याची बाजू घेत नाही.
फक्त, त्या 'नंतर'ला या चौकोनात
एक ओळ हवी होती.

"पैसे आले का?" मी विचारते.
विचारावंच लागतं, माझं कामच ते.

"बोट आली," तो म्हणाला.

मागे कुणीतरी हातगाडी ओढत होतं,
तिचं एक चाक कुरकुरत होतं. त्याचंही तेल
यादीत आहे, शिल्लक चौदा.

"किती जण होते?"
"गेले चार. आले सात."

मी काहीच निवडलं नाही.
कॉफी गार झाली, तिच्यावर साय धरली.
नऊच्या ठोक्याला यंत्रणेनं आपलं गणित केलं:
हवेत किमान तीन, आहेत उणे एक,
म्हणजे चार.
कुणाला न विचारता मागणी पाठवली,
शुक्रवारच्या फेरीत जागा धरली,
आणि ती ओळ लालाची पिवळी झाली.

आता केयोनला नऊ पंखे होतील.
सहा महिने पुरतील इतके.
महिनाअखेरीला साहेब चष्मा कपाळावर चढवून विचारतील,
नऊ कसे?

सांगेन,
मंगळवारी वारा होता.