लाइनवर राहा

शब्दकोशात या शब्दाला पावणेदोन पानं आहेत.
आठवीच्या वर्गाला म्हटलं, घरून एकेक अर्थ आणा,
पुस्तकातला नको.

लोटन महाजन उठला, डोळे तांबारलेले.
'रातले दोनले लाइन उनी सर,
मोटर चालू कराले मी गयथू.'
कुणी हसलं नाही.
अर्ध्या वर्गाचे डोळे तसेच होते.

हर्षाली बागूल म्हणाली, आमचं घर. पोलीस लाइन, खोली सात.
रेशनच्या दुकानापुढे एक गोणपाट, एक चप्पल, एक वीट
माणसांच्या वतीनं उभी असतात, तीही आली.
मागच्या बाकावरून कुणीतरी 'मारतात ती' म्हणालं
आणि खिडकीबाहेर पाहत बसलं.
धुळ्याचा फाटा फुटतो तिथल्या केबिनवाल्याचा मुलगा
सगळ्यात शेवटी बोलला :
लाइन क्लिअर दिल्याशिवाय
पप्पा डबा उघडत नाहीत.

मी फळ्यावर लिहीत गेलो.
रेघ. ओळ. रांग. तार. रूळ.
आपल्याकडे प्रत्येकीचा वेगळा संसार,
त्यांच्याकडे साऱ्या एकाच खोलीत,
जानवशात वऱ्हाड झोपतं तशा, कुणाचे पाय कुणाच्या उशाशी.
खडू मोडला. घंटा झाली.

मला माहीत असलेला अर्थ मी सांगितला नाही.

चाळीसगावच्या स्टेशन रोडला काचेचा बूथ होता, पिवळी पाटी,
आत पंखा नाही.
माय रविवारी रात्री अकरानंतर जायची, पाव दरात.
भाऊ उधन्याला मागावर.
'आंडोर लाइनले लागी गया,' ती गल्लीत सांगायची.
कोणत्या लाइनीत?
कापडाच्या.
मग म्हणे भंगाराच्या.
पुढे कुणी विचारलं की
ती तांदूळ निवडायला घ्यायची.

फोन त्याच्या चाळीत एकाच घरी.
उचलणारी बाई म्हणायची, बोलावते, लाइनवर राहा.
माय रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची,
बादली विहिरीत सोडल्यावर दोर धरतात तसा,
आणि समोर लाल आकडे चढायचे.
'काय करी ऱ्हायनी माय?'
'लाइन धरी ठेयेल शे.'

इंग्रजीत अगदी असंच म्हणतात
हे मला बी.ए.ला कळलं.
लाइन हा शब्द इंग्रजी आहे
हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

एका रविवारी ती बाई परत आलीच नाही.
पलीकडे कुकर वाजत होता,
कुणी पोराला मारत होतं, पोर रडत नव्हतं,
एक दार लागलं.
अठरा रुपये. तेवीस. अठ्ठावीस.
बूथवाल्या हिलालनं काचेवर बोट वाजवलं,
मग तिचा चेहरा पाहून
मीटरकडे पाठ करून सुपारी कातरत बसला.
'कट झायी,' माय म्हणाली बऱ्याच वेळानं,
आणि रिसीव्हर पदरानं पुसून जागेवर ठेवला.
हिलालनं वीस घेतले.

तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
मायला ऐकू कमी येतं,
तरी माझा फोन वाजला की हात पुढे करते.
मी देतो.
बहुतेक वेळा बँकेची रेकॉर्ड केलेली बाई असते :
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
कृपया लाइनवर राहा.
माय राहते.

मी तिच्यासमोर बसून वह्या तपासतो.
लोटननं पाचपैकी साडेतीन वाक्यं लिहिली आहेत.
चौथ्यात, क्रियापदाच्या आधी, पेन सुटलंय,
एक रेघ तिरकी घसरत समासाबाहेर,
पानाच्या कडेपर्यंत गेली आहे.
दोन वाजले असतील.
मी तिच्यावर बरोबरची खूण करतो.