सहाभोवती

घणसोली, सेक्टर चार, झेरॉक्सच्या दुकानावरचा वर्ग.
संध्याकाळची बॅच, सात मुलं, दोन पंखे,
त्यातला एक नुसता आवाजाचा.
फळ्यावर सोळा आकडे मांडले:

१   २   ३   ४
५   ६   ७   ८
९   १०   ११   १२
१३   १४   १५   १६

म्हटलं, फिरवा. एक काटकोन, घड्याळाच्या दिशेनं.
पण मधोमध धरून नाही.
सोळांच्या मधोमध आकडाच नसतो,
तिथं नुसता रेघांचा छेद.
आपण सहा धरू.
"सहाच का?" मागून कुणीतरी.
गणितात दिलाय म्हणून.

नियम साधा. दर वर्षी तोच सांगतो:
आधी प्रत्येकातून सहाची जागा वजा करा,
ओळ आणि रकाना यांची अदलाबदल करा,
एकाचं चिन्ह उलटवा,
मग वजा केलेलं परत मिळवा.
इथं मी नेहमी थांबतो.
परत मिळवायचं विसरणारे फार.

सहा हलत नाही.
फिरतो तोही, पण जागच्या जागी,
बाहेरून काही कळत नाही.

नवी चौकट भरली:

९   ५   १   ०
१०   ६   २   ०
११   ७   ३   ०
१२   ८   ४   ०

तळची ओळ गेली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा.
त्यांना डावीकडे जायचं होतं, डावीकडे घरच नव्हतं,
आणि उजवीकडे चार घरं रिकामी.
पुन्हा फिरवा, म्हटलं.
आता बारा, आठ, चार गेले.
यापुढं कितीही फिरवा, कुणी पडत नाही.
चार फेऱ्या झाल्या की
सहाच्या लगतचे आठ आपापल्या घरी परत,
उरलेल्या सात ठिकाणी शून्य.
उत्तर बरोबर. पुढचं गणित.

"सर, बारा परला."

हर्षाली मढवी. गावठाणातली.
एरवी वर्गात पुस्तकातलं बोलते,
आज तिच्या ड चा र झाला, घरचा.
"सात राहिला न् बारा परला.
पप्पांनी सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय.
सातावर नाव असतं.
बारावर, काय पेरलं ते."

कुणी हसलं नाही.
खिडकीत समोरच्या टॉवरचे दिवे लागत होते,
मजल्यामागून मजला, ओळ आणि रकाना.
हे सगळं कुठला बिंदू धरून फिरवलं
मी कधी विचारलं नव्हतं.
मी परभणीचा. अकरा महिन्यांच्या करारावर इथं.
मला सेक्टर सात म्हणजे रिक्षाचे पंचवीस रुपये.
तिचे पप्पा अजून त्याला लांबटी म्हणतात,
भात चांगला यायचा म्हणे, खाडीचं पाणी आत आलं नाही तर.

ती उठून फळ्याशी आली.
वर एक ओळ आखली, डावीकडे एक रकाना,
रेघ थोडी तिरकी.
नऊ घरं वाढली.
मग फिरवलं, बोटावर मोजत, ओठ हलवत,
आणि तेरा ते सोळा डाव्या रकान्यात उतरले
एकाखाली एक,
जसे जिन्यावरून.
"बघा. सगळे मावले."

गणितात चार बाय चार म्हटलंय, मी म्हणालो.
"हो," ती म्हणाली.
खडू मात्र खाली ठेवला नाही.

चाचणीतही तिनं तेच केलं.
पेपर माझ्यासमोर आहे, रात्रीचे अकरा.
नमुना उत्तरात सात शून्यं.
तिच्या उत्तरात शून्य एकही नाही,
नऊ घरं कोरी सोडलेली,
आणि बाजूला पेन्सिलनं, बारीक:
कोणी आलं तर.

लाल पेनाचं टोपण
मी दोनदा काढलं, दोनदा लावलं.