पेंडिंग

स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी
गाडीला एक तोंड असतं.
सतरा वर्षं चालवली ही वॅगनार, मला पत्ता नाही.
उद्यमबागेतून सुटून बसवण्णी सरळ माझ्याकडे आला,
आडवा पडला, पाय दाराबाहेर, चपला रस्त्यावर,
काडेपेटीएवढं निळं यंत्र आत सारलं
आणि खालूनच म्हणाला,
"सोळा भोकं हैत. बसलं बघ."

जीपीएस मेहुण्याचा. मस्कतहून कायमचा परतताना
त्यानं आणलेल्या दोनच गोष्टी: खजूर आणि हा.
नकाशा तेरा वर्षांपूर्वीचा.
त्यात आम्ही अजून बेळगावच आहोत,
त्यात तिसऱ्या गेटवर पूल नाही.
आम्ही पुलावरून जातो
आणि काचेवरचा बाण
फाटक उघडायची वाट बघत असल्यासारखा रुळांवर अडखळतो.

दोघांची गाठ बसवण्णीनंच घातली.
एक दोन तीन चार, एवढाच पासवर्ड.
काचेचे दोन भाग झाले.
डावीकडे रस्ता, तेरा वर्षं शिळा.
उजवीकडे इंजिन, ह्या सेकंदाचं:
पाणी एक्क्याऐंशी, फेरे आठशेवीस,
बॅटरी तेरा पूर्णांक नऊ.
"नाडी लागली," तो म्हणाला.

चंदगडला जायचं होतं.
कशाला, ते त्यानं सांगितलं नव्हतं.
मागच्या सीटवर प्रेशर कुकर, पाच लिटरचा, खोक्यात,
त्याला सीटबेल्ट लावलेला.
मी विचारलं नाही. दोन वर्षं
कारखान्यात कुणीच नंदिनीचं नाव काढत नव्हतं.

बाची गेलं, शिनोळी आलं.
गोल अक्षरं संपली,
डोक्यावर रेघ असलेली सुरू झाली.
जीपीएसमधली बाई "शायनोली" म्हणाली आणि गप्प बसली.
फेरे बावीसशे होते, बावीसशेच राहिले.

पाटणे फाट्याच्या अलीकडे
पाणी सत्त्याण्णव.
एकशे तीन.
एकशे आठला दिवा लागला आणि काचेवर उमटलं
पी शून्य दोन एक सात.
रसाच्या गाड्यावरच्या बाईनं बादली दिली,
वाकून काचेत बघितलं:
"कुठं दुखतंय म्हणं तिला?"

बॉनेट उघडं टाकून आम्ही यादी वाचली.
खाली आणखी दोन आकडे होते,
त्यांच्यापुढे लिहिलं होतं, पेंडिंग.
म्हणजे बिघाड दिसलाय,
नोंद झालीय,
दिवा अजून लागलेला नाही.
बसवण्णी ते बराच वेळ बघत राहिला.
"पुसू?" मी म्हणालो. बटण समोरच होतं.
"नको. ऱ्हाऊ दे.
पुसलं म्हणून काय बरं होतंय?"

नंदिनीच्या दारात तो कुकर घेऊन उतरला.
मी गाडीतच बसलो, किल्ली अर्धी फिरवून,
उजवीकडचा आकडा बघत.
ब्याण्णव. आत काहीच नाही.
ब्याऐंशी. एक पुरुषी आवाज, मराठीत, "बसा की."
एक्काहत्तरला भांडं पडलं.
चौसष्टला कुणीतरी रडत होतं, कोण ते कळेना.
सत्तावन्नला नंदिनी बाहेर आली, म्हणाली,
"काका, तुम्ही काय करुलालाय एकटे? चला, पानं घेतलीत."

यंत्र काढायचं राहूनच गेलं.
रात्रभर ते गाडीला विचारत राहिलं असणार,
कशी आहेस, कशी आहेस,
आणि गाडी उत्तरं देत राहिली असणार.
सकाळी बॅटरी ठार.
उजवी बाजू काळी, डावीही काळी.

मी स्टिअरिंगला.
मागे जावई आणि बसवण्णी, खांद्याला खांदा,
एक म्हणतोय "हुं, ढकला,"
दुसरा त्याच दमात "तळ्ळू, तळ्ळू."
उतारावर दुसऱ्या गिअरला मी क्लच सोडला.

आरशात दोघेही वाकलेले,
गुडघ्यांवर हात,
धापा टाकत.
बाण अजून मस्कतच दाखवत होता.